पाठीवरच्या बॅगेतून झणझणीत रस्सा-भात: इंदूरकरांचा सोयाबडीचा बेत

ट्रेकला गेलं की रात्री नूडल्सच उकळायच्या असा आपल्याकडे एक नियमच होऊन बसलाय, आणि मग दिवसभर बारा-पंधरा किलोमीटर चालून आलेला माणूस ते वाटीभर गिळतो आणि रात्री अकराला परत पोटात कावळे ओरडायला लागतात. इंदूरजवळच्या जानापावच्या डोंगरावर जा, चोरलच्या जंगलात जा नाहीतर चार दिवस पचमढीला जा, एका स्टोव्हवर आणि एका पातेल्यात दोन माणसांना पोटभर रस्सा-भात अर्ध्या-पाऊण तासात होतो. फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की पाहिजे, रस्सा डोंगरावर करायचा नसतो, रस्सा घरीच करून न्यायचा असतो, डोंगरावर त्यात फक्त पाणी घालायचं असतं. भाजणं, वाटणं, वाळवणं सगळं स्वयंपाकघरात, जिथे गॅस पाठीवर घेऊन चढायचा नाहीये.

आता भाजी कशाची? पनीर दुसऱ्या दिवशी आंबतं, बटाट्यात बहुतेक पाणीच असतं म्हणजे पाणीच पाठीवर वाहून नेता तुम्ही, आणि राजमा-छोले तर बॅगेत टाकूच नका. राजमा अर्धाकच्चा राहिला तर नुसतं पोट फुगत नाही, उलट्या होतात, त्याच्यात एक विषारी घटक असतो तो नीट खदखदा उकळल्याशिवाय मरत नाही आणि कुकर काही तुम्ही नेणार नाही. तूरडाळ पण तशीच हट्टी. माझं मत सोयाबडीला. आपण राहतो सोयाबीनच्या मुलुखात, सोयाबीन संशोधनाची केंद्र सरकारची संस्था आपल्या खंडवा रोडवरच आहे, चोरलला जाताना तिच्यावरूनच जातो, आणि तरी आपल्या मराठी घरात सोयाबडी म्हटलं की नाकं मुरडतात. नाकं मुरडण्याचं कारण तिचा वास, त्याचा इलाज पुढे सांगते. तेल काढून झाल्यावर जो सोयाबीनचा भुगा उरतो त्याची ही बडी बनते, म्हणून तिच्यात तेल जवळपास नसतंच, त्यामुळे ती खवट होत नाही, महिनोन्महिने टिकते, आणि १०० ग्रॅममध्ये ५० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन. वजनाला कापूस. स्निग्ध काहीच नाही म्हणून तेल-खोबरं आपल्याला बाहेरून घालावं लागतं, आणि चालून आलेल्या माणसाला तेच हवं असतं.

मसाल्याचं सांगते, इथे घाई करू नका. ट्रेकच्या आदल्या दिवशी नको, दोन दिवस आधी करा. दोघांच्या एका जेवणाला पंचवीस ग्रॅम सुकं खोबरं, दोन मध्यम कांदे, एक मोठा चमचा धने, अर्धा चमचा जिरे, चमचाभर तीळ, तीन लवंगा, पाच-सहा मिरे, बोटाच्या पेराएवढी दालचिनी. आधी खडा मसाला कोरडाच भाजायचा, मग तीळ, मग खोबऱ्याचा कीस मंद आचेवर बदामी होईपर्यंत, तसा झाला की लगेच काढायचा कारण कढईच्या गरमीत तो आणखी दोन छटा पुढे जातोच. कांदा सगळ्यात शेवटी. उभा आणि एकसारखा पातळ चिरायचा, तेलात मध्यम आचेवर ढवळत राहायचं, आधी तो मऊ पडतो, मग गुलाबी होतो, मग बराच वेळ काहीच होत नाही असं वाटतं आणि मग एकदम दोन मिनिटांत तपकिरी होतो, तेव्हा फोन उचलायचा नाही. कागदावर पसरून ठेवला की गार झाल्यावर कुरकुरीत वाजला पाहिजे. वाकला तर त्याच्यात पाणी आहे, परत मंद आचेवर टाका, नाहीतर हा ओला कांदा तुमच्या सगळ्या मसाल्याला दोन दिवसांत वास आणेल. एवढा व्याप नको असेल तर इंदूरच्या सियागंज बाजारात वाळवलेला कांदा आणि लसणाची पावडर बघा, किंवा तयार तळलेला कांदा घ्या, चालतं.

सगळं पूर्ण गार, अगदी हाताला गार लागलं की मिक्सरमधून थांबून थांबून फिरवायचं. सलग फिरवलं की खोबरं तेल सोडतं आणि लगदा होतो, आपल्याला भुरभुरीत पूड पाहिजे. मग त्यात दोन चमचे लाल तिखट, अर्धा चमचा हळद, दीड चमचा मीठ, चमचाभर अमचूर, चमचाभर लसूण पावडर, अर्धा चमचा सुंठ, चिमूटभर साखर. तिखट निमाडातलं घ्या, बेडियाच्या मंडीतली मिरची आपल्याकडे येतेच, रंग पण देते आणि ठसका पण. अमचुराच्या जागी आमसुलं चालतात, टोमॅटो मात्र नको, तो बॅगेत फुटतोच, कितीही मध्यभागी ठेवा. ज्यांच्याकडे पुण्या-सोलापूरची आत्या-मावशी दरवर्षी काळा मसाला पाठवते (आणि इंदूरच्या कुठल्या मराठी घरात पाठवत नाही!) त्यांनी खडा मसाला भाजायच्या भानगडीत पडूच नये, खोबरं-कांदा भाजून त्यात दोन चमचे तो काळा मसाला टाकला की काम झालं. ही पूड झिपच्या पिशवीत, हवा दाबून काढून, वर चिकटपट्टी लावून ‘दोघं, ६५० मिली’ असं लिहून ठेवा. हसू नका, अंधारात टॉर्च तोंडात धरून स्वयंपाक करताना हे लिहिलेलं वाचवतं. थंडीत ही पूड आठवडाभर आरामात टिकते. मे महिन्यात चार दिवसांच्या वर भरवसा नको, खोबरं खवट होतं.

बाकी सामान दोघांसाठी असं: तांदूळ २०० ग्रॅम, सोयाबडी ८० ग्रॅम (छोटी घ्या, मोठी भिजायला वेळ खाते), तेल ५० मिली, चिमूटभर हिंग, रतलामी किंवा लौंग शेव ६० ग्रॅम, एक लिंबू, एक कांदा, दोन हिरव्या मिरच्या. तांदूळ साधा आखूड घ्या, बासमतीचे नखरे तिथे कोण बघतो. कोरडं सामान सगळं मिळून अर्ध्या किलोच्या आतबाहेर भरतं आणि माणशी हजार कॅलरीच्या जवळपास जातं, हिशोब करून बघा, तांदळाच्या साधारण सातशे, तेलाच्या चारशेवर, शेवेच्या तीनशेवर, बडीच्या पावणेतीनशे, खोबऱ्याच्या दीडशेवर. तेलाची बाटली घट्ट झाकणाची घ्या आणि तरी दोन पिशव्यांत घाला. थंडीत साजूक तूप नेलं तर थिजलेलं असतं, सांडायची भीती नाही, पण तर्री तेलाचीच चांगली दिसते हे मी सांगायला नको.

भांड्यात दीड-दोन लिटरचं सपाट तळाचं पातेलं, बसणारं झाकण, एक छोटी पळी आणि सांडशी. सांडशी विसरणारे लोक मग रुमालाने पातेलं उचलतात आणि अर्धा रस्सा धरतीमातेला जातो. तांदूळ-रस्सा एकामागे एक करायचा म्हणून भात काढून ठेवायला झाकणाचा स्टीलचा डबा, तोच ताटाचं काम करतो.

स्टोव्हचं. कॅनवर बसणारा छोटा गॅस स्टोव्ह सगळ्यात सोपा, २३० ग्रॅमचा कॅन घेतला तर वारा नसताना असली पाच-सहा जेवणं होतात, वारा असला की निम्मी. म्हणून आडोसा करा, दगडांचा, बॅगांचा, काहीचा पण, फक्त कॅनला चारी बाजूंनी बंद करू नका, उष्णता अडकून कॅन तापला तर फुटू शकतो. तंबूच्या आत तर अजिबात पेटवायचा नाही, आग तर आहेच पण त्याहून वाईट तो कार्बन मोनॉक्साइड, त्याचा वास येत नाही आणि माणूस झोपेतच जातो. पचमढीच्या डिसेंबरातल्या पहाटे ज्योत मरतुकडी दिसली तर स्टोव्ह खराब नाही झालेला, ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचंच बंद करतो, म्हणून रात्री कॅन पांघरुणात घेऊन झोपा. आणि पचमढीला पिपरियापर्यंत ट्रेनने जाणाऱ्यांनी हे वाचाच: रेल्वेच्या डब्यात गॅसचा कॅन, रॉकेल, स्पिरिट काहीच नेता येत नाही, रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६४ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. स्वतःच्या गाडीने जात असाल तरच कॅन घ्या, ट्रेनवाल्यांनी घरून दशम्या, चटणी न्या आणि खुशाल झोपा.

लाकडं पेटवून चूल करायची हौस असते सगळ्यांना, मला पण कळतं, पण आपल्या बाजूचं जंगल सागवानाचं आहे, फेब्रुवारीपासून खाली गुडघाभर वाळका पाला असतो आणि एक ठिणगी पुरते. राखीव जंगलात परवानगीशिवाय आग पेटवणं गुन्हा आहे ते वेगळंच. आणि दर वेळी ग्रुपमधला कोणीतरी म्हणतोच, ‘भिया, बाफले करू ना यार!’ तर भिया, बाफल्यांना कंडे म्हणजे गोवऱ्या लागतात, बाफले आधी उकळायचे, मग भाजायचे, मग तुपात बुडवायचे, दोन तास आणि अर्धा किलो तूप, ती गाडी घेऊन जायची सहल आहे, पाठीवर बॅग घेऊन करायचं काम नाही.

आता प्रत्यक्ष. मुक्कामाच्या तासभर आधी शेवटच्या विश्रांतीला थांबाल तिथेच सोयाबडी रुंद तोंडाच्या बाटलीत किंवा डब्यात पाणी आणि चिमूटभर मीठ घालून भिजवा आणि झाकण लावून चालायला लागा. तांदूळ पण दुसऱ्या पिशवीत भिजवा जमलं तर. बॅगेत हिंदकळत हिंदकळत तुम्ही पोचेपर्यंत दोन्ही मऊ होतात आणि गॅस वाचतो. उन्हाळ्यात तासाच्या वर भिजवत ठेवू नका, आंबूस वास येतो.

पोचल्यावर जागा बघा, सपाट, पाला झाडून काढलेला, आणि पावसाळ्यात नदी-नाल्याच्या पात्रात तर मुळीच नाही, कितीही सुंदर दगड दिसो. पातालपाणीच्या धबधब्याला २०११ च्या जुलैत पाणी एकदम वाढून माणसं वाहून गेली होती, वर कुठे पाऊस पडला ते खाली बसलेल्याला कळत नाही. पाण्याचा हिशोब भांडं पुसण्यासकट दोन लिटर धरा एका जेवणाला, पिण्याचं वेगळं. झऱ्याचं पाणी फडक्यातून गाळून घ्या, ते उकळणारच आहे.

आधी भात. तांदळाच्या दुप्पट, म्हणजे ४०० ते ४५० मिली पाणी, भिजलेला असेल तर थोडं कमी, मीठ, झाकण. उकळी आली की आच एकदम बारीक करून सात-आठ मिनिटं, पाणी वर दिसेनासं झालं की बंद. मग तो झाकणाच्या डब्यात काढून जॅकेटमध्ये किंवा शालीत गुंडाळून बाजूला ठेवायचा, राहिलेलं शिजणं तो स्वतःच करतो आणि रस्सा होईपर्यंत गरम राहतो. इथे एक सांगते, जितके वर जाल तितकं पाणी लवकर उकळतं पण कमी गरम असतं, दर तीनशे मीटरला साधारण एक अंश कमी. जानापाव साडेआठशे मीटरच्या वर आहे, तिथे काही फरक कळत नाही, पचमढीचं धूपगढ साडेतेराशे, तिथे भाताला दोन-तीन मिनिटं जास्त. पण हिमालयात साडेतीन हजारावर कॅम्प असेल तर पाणी नव्वदच्या खालीच उकळतं, तिथे तांदूळ तासभर भिजवाच, आणि डाळच पाहिजे असेल तर मसूर, ती पण सालं काढलेली.

भाताचं पातेलं पुसून तेच रश्शाला. सोयाबडी घट्ट पिळायची, दोन्ही तळहातांत दाबून, पिवळट फेसाळ पाणी निघतं, ते टाकून द्यायचं, परत थोडं पाणी घालून परत पिळायची. नाकं मुरडणाऱ्यांचा तो वास ह्याच पाण्यात असतो. नीट पिळलेली बडी नंतर रस्सा पिते, न पिळलेली आतून पाणचट राहते. तेल तापलं की हिंग, मग बडी, आणि तिला तीन-चार मिनिटं परतू द्या, कडा थोड्या लालसर होईपर्यंत. ही पायरी भुकेच्या पोटी सगळे गाळतात आणि मग म्हणतात सोयाबडी रबरासारखी लागते.

आता आच अगदी बारीक करा, बडी कडेला सरकवा, मध्ये तेल जमलं की त्यात मसाल्याची पूड. छोट्या स्टोव्हची ज्योत मधोमधच लागते आणि पातळ पातेलं तिथेच जाळतं, म्हणून पातेलं हलवत राहा, हवं तर सेकंदभर उचलून धरा. मिरचीचा रंग पाण्यात उतरत नाही, तेलात उतरतो, तर्री येते ती ह्या एका मिनिटात येते, नंतर कितीही उकळा येत नाही. आणि जळली तर सगळं कडू. पूड तेलात भिजून गडद झाली, खोबऱ्याचा वास वर आला की लगेच अर्धी वाटी पाणी, फक्त अर्धी वाटी. ते चरचरतं, घट्ट होतं, बुडबुडे जड जड फुटायला लागतात, आणि मग पातेल्याच्या कडेने लाल तेलाची एक बारीक रेघ सुटते. ती रेघ दिसेपर्यंत पुढचं पाणी घालायचं नाही. दिसली की उरलेलं ६०० मिली ओता, झाकण ठेवा, उकळी आल्यावर आठ-दहा मिनिटं मध्यम आचेवर. चव बघा, मीठ मसाल्यात आहेच पण दिवसभर घाम गेलेला असतो, थोडं जास्त लागतं.

गॅस बंद करून मग शेव. निम्मी हाताने चुरून रश्शात टाकायची आणि ढवळायची, बेसन असल्यामुळे रस्सा दोन मिनिटांत अंगाला दाट होतो. उरलेली ताटात वरून, कुरकुरीत. आधी टाकून उकळलीत तर पिठलं होईल, तेही काही वाईट नाही पण तो आजचा बेत नाही. लिंबू पिळा, कच्चा कांदा बुक्कीने फोडा, मिरची तोंडी लावायला. पहिल्या रात्री भाताच्या जागी घरून आणलेल्या दशम्या घ्या, दुधात भिजवलेल्या असल्या तरी थंडीत दोन दिवस मऊ राहतात आणि भाताचा गॅस वाचतो. अंडी खाणाऱ्यांनी अंडी तांदळाच्या डब्यात रोवून न्यावीत, फुटत नाहीत, आणि शेवटच्या पाच मिनिटांत उकळत्या रश्शात थेट फोडून सोडावीत, ढवळू नका, झाकण ठेवा. अमचूर घरी राहिलं तर सकाळच्या पोह्यांसाठी आणलेलं जीरावन आहेच, त्यात अमचूर असतं, चमचाभर भुरभुरवा, थोडी चाटची चव येते पण चालून जातं.

उरवू नका, रस्सा उरला तर माकडं येतात, पचमढीची तर चेन उघडून डबे काढतात. थंडीच्या रात्री भात उरलाच तर झाकून तंबूच्या आत ठेवून सकाळी फोडणीचा भात, पण गरम दिवसांत उरलेला भात खाऊ नका, पोट बिघडतं ते तिथेच बिघडतं आणि परतीची वाट तेवढीच लांब असते.

भांडं घासायला साबण नको, नाल्यात तर नकोच. पातेल्याला लागलेला मसाला आधी दशमीच्या तुकड्याने किंवा भाताने पुसून खाऊन टाकायचा, ह्याच्यासाठी आमच्यात भांडणं होतात. मग वाटीभर पाणी घालून उकळायचं, पळीने खरवडायचं, आणि ते पाणी झऱ्यापासून साठ-सत्तर पावलं लांब मातीत ओतायचं. शेवेची पिशवी, कांद्याची सालं, रिकामा कॅन सगळं परत.

माणसं चारच्या वर असतील तर हा हिशोब नुसता दुप्पट-तिप्पट करून एकाच मोठ्या पातेल्यात करायला जाऊ नका, छोटा स्टोव्ह तीन-चार लिटरचं वजन पेलत नाही, कलंडतो, आणि मध्ये जळून कडेला कच्चं राहतं. दोन स्टोव्ह, दोन पातेली घ्या, एकावर भात एकावर रस्सा, आणि दोन्ही पातेल्यांवर नजर ठेवायला ज्याला भूक सगळ्यात कमी लागलीये त्याला बसवा.